सेवेचा गौरव आणि गौरवाचा काला



या महिन्याच्या पाठासाठी आम्ही घेतलेला विषय वरवर पाहता परमार्थाचा वाटणार नाही. गावाने झाडे जगविली, ओढा साफ केला, रान राखले, दिंडीने मुक्कामाची जागा स्वच्छ ठेवली, तर त्याबद्दल बक्षीस द्यावे काय? दिले तर घ्यावे काय? आणि सरकारने किंवा एखाद्या संस्थेने अनुदान दिले, तर ते कोणत्या बुद्धीने खर्चावे? प्रश्न प्रपंचाचा दिसतो. पण त्याचे मूळ निष्काम कर्माच्या सिद्धांतात आहे, म्हणून तो येथे घेतला.

उमरखेडकडच्या वारकरी मंडळींना तर हा प्रश्न अगदी दारातला आहे. तालुक्याच्या अंगाने पैनगंगा वाहते. वर इसापूरचे धरण आहे, पलीकडे मराठवाडा आहे. खाली बंदी भागात सागाचे रान आणि पैनगंगेचे अभयारण्य आहे. इतके असूनही उन्हाळ्यात नदीचे पात्र कोरडे पडते आणि धरणाचे पाणी नदीत सोडा म्हणून काठच्या गावांना अर्जविनंत्या कराव्या लागतात. वैशाखात तेथे झाड जगविणे म्हणजे काय, हे ज्याने डोक्यावर हंडा घेतला त्यालाच ठाऊक. अशा मुलखात कोणी दहा झाडे जगविली तर ती लहान गोष्ट म्हणता येत नाही.

आता शंका अशी येते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितले की कर्म करणे तुझ्या हाती आहे, फळावर तुझा अधिकार नाही. माउलींनी बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना झाडाचाच दृष्टांत दिला. घाव घालणारा येवो की लावणारा येवो, झाड दोघांनाही सारखीच सावली देते, असा त्याचा भाव आहे. झाड स्वतः कसलाही मोबदला मागत नाही, मग झाड लावणाऱ्याने का मागावा? शिवाय बक्षीस आले की ईर्ष्या येते, ईर्ष्या आली की भांडण येते. सेवेला किंमत लावली की ती सेवा राहिली कोठे? तेव्हा हे पुरस्कारबिरस्कार वारकऱ्याने दुरून नमस्कार करावे, असे शंका घेणारा म्हणतो.

शंका खोटी नाही. तिला हसून चालणार नाही. पण समाधानही संतांच्याच वाटेवर आहे.

येथे दोन माणसे वेगळी ओळखली पाहिजेत. एक सेवा करणारा आणि दुसरा ती सेवा पाहणारा. फळाची इच्छा सोडण्याचा उपदेश करणाऱ्याला आहे. पाहणाऱ्याला उपकार विसरण्याची मोकळीक कोणत्याही शास्त्राने दिलेली नाही. मुलाने आईच्या कष्टाचे नाव काढले तर आईच्या वात्सल्याला कमीपणा येतो काय? नाव न काढले तर मात्र मुलाला कृतघ्न म्हणतात. तसेच हे आहे. करणाऱ्याने केलेले विसरावे, पाहणाऱ्याने विसरू नये. दोघांनी आपापला धर्म पाळला म्हणजे सेवाही निर्मळ राहते आणि गावही कृतज्ञ राहते. घोटाळा होतो तो धर्मांची अदलाबदल झाली म्हणजे. करणारा आपले केलेले मोजीत बसतो आणि गाव मात्र सारे विसरून जाते!

संत गाडगेबाबांचे चरित्र या दृष्टीने पाहावे. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडावी, हा त्यांचा नेम. कोणी पाया पडू लागला तर त्यांना खपत नसे. लोकांनी पैसा दिला, पुष्कळ दिला. त्याच्या धर्मशाळा झाल्या, शाळा झाल्या, अन्नछत्रे झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः मात्र हातात खराटा आणि गाडगे, एवढ्यावरच राहिले. पैसा त्यांच्याकडे आला तो नदीसारखा आला, पुढे वाहत गेला. डबके झाले नाही, म्हणून घाणही झाली नाही.

पुढे महाराष्ट्र शासनाने २०००–०१ सालापासून गावांच्या स्वच्छतेची स्पर्धा सुरू केली, तिला याच बाबांचे नाव दिले. ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळातील ही संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाची गोष्ट. ज्याने स्वतः कसला मान घेतला नाही, त्याच्या नावाने पुरस्कार, हे प्रथम विचित्र वाटते. पण त्या स्पर्धेची रीत पाहावी. आधी पैसा देऊन गाव झाडावयास लावावे, अशी ती नव्हती. आधी गावाने श्रमदान करावे, गटारे काढावी, पाण्याची जागा नेटकी करावी, शौचालये बांधावी. मग पाहणी करणारे येत, गुण देत आणि तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी बक्षीस मिळे. बक्षिसाच्या पैशापेक्षा गावाच्या घामाची किंमत कितीतरी मोठी होती. थोडक्यात, खराटा आधी आणि सत्कार मागून. हा क्रम उलटा झाला की बाबांचे नाव फलकापुरते उरते.

आमच्या तुकोबारायांचे नावही अशाच एका कामाला लाभले आहे. रानाच्या कडेच्या गावांत संयुक्त वन व्यवस्थापन समित्या असतात. त्यांपैकी ज्या समित्या चोरटी तोड, वणवा आणि मोकाट चराई यांपासून जंगल राखतात त्यांच्या गौरवासाठी संत तुकाराम वनग्राम योजना २००६–०७ पासून आली. तुकोबांनी झाडावेलींना नातलग मानले हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. नातलग म्हटले की नुसते गोड बोलून भागत नाही. आजारपणात उशाशी बसावे लागते, संकटात धावून जावे लागते. वणव्याच्या रात्री पळसाची ओली फांदी घेऊन आग झोडपणारा गडी, त्याने एकही अभंग पाठ केलेला नसला तरी, ते नाते खरे करीत असतो. बंदी भागातल्या वारकऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता गौरव मिळाल्यावर कोणी कसे वागले याची दोन-तीन उदाहरणे पाहू.

अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी सर्वांना माहीत आहे. सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी १९७५ च्या सुमारास तेथे कामास प्रारंभ केला, तो यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून. देऊळ उभे राहिले तेव्हा गाव एकत्र बसू लागले. गाव एकत्र बसले तेव्हा पाणी अडले, झाडे लागली. १९८६ साली वृक्षमित्र पुरस्कार आला तो दहा वर्षांच्या कामानंतर. देवळापासून निघालेली वाट डोंगराच्या चराईबंदीपर्यंत गेली, हे वारकऱ्याने नीट पाहावे.

त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे तेथील नेम. या गावाला राष्ट्रीय पातळीवरचे गौरव मिळाले. सरपंच म्हणून ज्यांनी काम केले त्या पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आम्हांला मात्र त्या गावची दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती, हे मोजून गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणती पिके घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरविते. बक्षीस एकदा मिळाले, ताळेबंद दरसाल. नित्यनेम यालाच म्हणतात. एकादशी एकदा केली म्हणून कोणी वारकरी होत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या विदर्भातले. अमरावती जिल्ह्यात मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे आदिवासी वस्तीचे लहानसे गाव आहे. २०१२ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा हाती आलेली जमीन बव्हंशी उघडी होती. गावाने चर खोदले, झाडे लावली, राखली. २०१४ साली त्यांना भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. त्या रानातली सीताफळे पुढे मुंबईपर्यंत गेली आणि उत्पन्न गावाला मिळाले. ज्या माणसांना कोणी विचारीत नव्हते, ज्यांच्याकडे जंगलाचे चोर म्हणून पाहिले जाई, त्यांना देशाने जंगलाचे राखणदार म्हणून ओळखले. गौरवाचे खरे काम हेच. दीनाचे नाव चारचौघांत आदराने घेणे, यापेक्षा मोठे बक्षीस कोणते? चोखोबांना आणि जनाबाईंना संतमेळ्यात मान मिळाला, तेव्हा संप्रदायाने हेच केले.

आता दुसरी बाजू. गौरवात दोष शिरतात ते तीन.

पहिला दोष, खड्डे मोजण्याचा. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत महाराष्ट्रात वृक्षलागवडीचे मोठे संकल्प झाले: २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी. संकल्प थोर होता, पुष्कळांनी मनापासून हात लावला. पण पुढे त्यांतली जगली किती असा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला आणि २०२१ साली चौकशीसाठी समिती नेमावी लागली. लावलेल्या झाडाचे छायाचित्र निघते. जगलेल्या झाडाची सावली पडते. बक्षीस सावलीला द्यावे.

दुसरा दोष, एकट्याने मिरविण्याचा. काम पन्नास जणांचे, शाल एकाच्या खांद्यावर. रोज हंडाभर पाणी घालणारी म्हातारी मंडपाच्या कडेला उभी आणि उद्घाटनाच्या दिवशी कुदळ लावणारा व्यासपीठावर! अशाने एका सत्काराच्या पायी गावात दोन तट पडतात आणि पुढच्या वर्षी झाडाला पाणी घालावयास कोणी येत नाही. ते झाड वाळते ते उन्हाने नव्हे, रुसव्याने.

तिसरा दोष, बक्षीस म्हणजे काम संपले असे समजण्याचा. केंद्र सरकारने निर्मल ग्राम पुरस्कार दिले. पुढे पाहण्या झाल्या तेव्हा पुरस्कार घेतलेल्या कित्येक गावांत लोक पुन्हा उघड्यावर जात असल्याचे दिसून आले. कमानीवर अक्षरे राहिली, आचरण गेले. माळ गळ्यात आहे पण नेम सुटला, अशा माणसासारखी त्या गावांची गत झाली.

हे तीन दोष टाळून गौरव कसा करावा, याचे उत्तर वारकऱ्याला बाहेर शोधावे लागत नाही. ते आपल्या सप्ताहातच आहे. ते म्हणजे काला.

गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या आणल्या. कोणाची दशमी, कोणाचा शिळा भाकरतुकडा. भगवंताने सारे एकत्र कालविले आणि सर्वांना वाटले. मग कोणता घास कोणाच्या घरचा, हे कोणी ओळखू शकला काय? पुरस्काराचेही असेच करावे. गावाला मिळालेला मान आणि पैसा यांचा काला करावा. ज्याने जे आणले ते त्यात मिसळावे, वाटताना सर्वांत मागे बसलेल्याची आठवण आधी ठेवावी, आणि उरले तर पुढच्या कामाचे विरजण म्हणून ठेवावे. काल्यात ज्याला अधिक हवे त्याला लाजावे लागते. पुरस्कारातही तसेच व्हावे.

ही गोष्ट व्यवहारात आणावयाची तर सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याच्या कीर्तनाचा, यासारखा मुहूर्त नाही. उमरखेडच्या आसपासच्या गावांनी, फडांनी आणि भजनी मंडळांनी आपल्या गावापुरता एक लहानसा गौरव सुरू करावा असे आम्ही सुचवितो. त्याचे नेम असे असावेत.

एक. झाड लावल्याबद्दल सत्कार करू नये. तीन उन्हाळे जगविल्याबद्दल करावा. पहिला उन्हाळा पाण्याचा, दुसरा शेळ्यामेंढ्यांपासून राखण्याचा, तिसरा माणसाच्या विसरभोळेपणाचा. तिन्ही उन्हाळे काढले की झाड गावचे झाले.

दोन. निवड मंडळाने बंद खोलीत करू नये. चार जाणत्या पुरुषांनी आणि चार जाणत्या बायांनी शिवारातून पायी फिरून झाडे, विहिरी, ओढे डोळ्यांनी पाहावे आणि पाहिलेले गावासमोर वाचून दाखवावे. बायांना यात मागे ठेवू नये. गावात पाणी कोण वाहते ते सर्वांना दिसतेच.

तीन. सत्कार जोडीने किंवा गटाने करावा. घर, गल्ली, शाळेचा वर्ग, बचतगट, वनसमिती, यांचा. एकट्याचा करावयाचाच तर त्याच्या मदतगारांची नावे त्याच वेळी घ्यावी.

चार. देणगी साधी असावी. श्रीफळ, तुळशीचे रोप, आणि जमल्यास कामास उपयोगी पडेल असे काही: झारी, कुदळ, कुंपणाचे साहित्य. मोठी ढाल घेऊन ती कपाटात ठेवावी, त्यापेक्षा कुदळ बरी. ती झिजते, पण कामाने झिजते.

पाच. ज्याचा यंदा सत्कार झाला त्याने पुढच्या वर्षी दुसऱ्या एकाला शिकवावे. ज्ञानाचा आणि झाडाचा वाढविण्याचा मार्ग सारखाच आहे. कलम केल्यावाचून आंबा पसरत नाही.

अनुदानाविषयी चार शब्द वेगळे सांगणे भाग आहे. पुरस्कार झालेल्या कामाबद्दल मिळतो. अनुदान पुढे व्हावयाच्या कामासाठी मिळते. म्हणजे अनुदान ही विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. आषाढी वारीतील मानाच्या पालख्यांबरोबर चालणाऱ्या दिंड्यांना राज्य शासनाने २०२४ साली प्रत्येकी २०,००० रुपये देण्याचे ठरविले. आषाढीच्या वेळी पंढरपुरात निर्मल दिंडीचा पुरस्कारही दिला जातो. आपल्या दिंडीला असे काही मिळो वा न मिळो, विचार करून ठेवण्यास हरकत नाही. ठेव असेल तर तिचा हिशेब मागितल्याशिवाय द्यावा. मुक्कामावर हरिपाठानंतर जमाखर्च वाचून दाखवावा. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

आणि खर्च कसा करावा? वीस हजारांत फार मोठे होत नाही, पण वळण लागते. थर्माकोलच्या ताटवाट्यांना महाराष्ट्रात २०१८ पासूनच बंदी आहे. त्यांच्या जागी पळसाच्या पत्रावळी घ्याव्या. पळस आपल्या रानात भरपूर आहे, पत्रावळी लावणाऱ्या बाया बंदी भागात आहेत. त्यांच्याकडून घेतल्या तर पंगतीत अन्न पवित्र पानावर येते, जेवण झाल्यावर पान मातीला मिळते आणि चार घरांत मीठमिरचीचे पैसे जातात. पाण्याच्या बाटल्यांऐवजी दिंडीबरोबर टाकी आणि घरून आणलेला तांब्या असावा. मुक्काम हलण्यापूर्वी अर्धा तास झाडू फिरवावा. ज्याच्या शेतात आपण उतरलो त्याला मागाहून शिव्या द्याव्या लागल्या, तर आपल्या भजनाचा त्याच्या कानी काय अर्थ राहील?

कोणी म्हणेल, हे सारे करण्यापेक्षा नाम घ्यावे. नाम तर घ्यावेच. नामावाचून वारकरी कसला! पण टाळ वाजवावयास दोन हात लागतात आणि दिवसाला चोवीस तास आहेत. गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला म्हणून त्यांचे कीर्तन कमी झाले नाही. विठुराया विटेवर उभा आहे तो एका मुलाच्या सेवेसाठी थांबला म्हणून. पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडून देवाकडे धाव घेतली नाही, आणि देवाला त्याचा राग आला नाही. उलट त्या सेवेचा देवाने जो गौरव केला, तो असा की स्वतःच तेथे उभा राहिला! पुंडलिकाने तो गौरव मागितला नव्हता. आणि लाभल्यावर एकट्यासाठी ठेवलाही नाही. अठ्ठावीस युगे तो सर्वांना वाटला जात आहे.

सारांश, वारकऱ्याने सेवा करताना बक्षिसाकडे पाहू नये; दुसऱ्याची सेवा दिसली तर ती वाखाणल्यावाचून राहू नये; आणि गावाला मान मिळाला तर त्याचा काला करून वाटावा. यंदाच्या सप्ताहात आपल्या गावी तीन उन्हाळे काढलेले एखादे झाड आहे काय, ते शोधावे. त्याला पाणी कोणी घातले ते विचारावे. बहुधा ते नाव आजवर माईकवर आलेले नसेल. काल्याच्या कीर्तनात, सर्वांच्या देखत, ते एकदा मोठ्याने घ्यावे.

रामकृष्णहरि.